पंचफुलाचा खरारा

"वर बसायचं न्हाई, पयलंच सांगून ठिवते. ज्याला वर बसायचंय तेनं लगीन करावं."

"माझं झालंय की."

"झालं नव्हं? मंग आता खाली उबं राहायचं."

पंचफुलाबाई हे बोलली ते मागं वळून न बघता. घोडीचा पुढचा पाय तिनं आपल्या गुडघ्यावर घेतला होता आणि खुरात रुतलेला खडा ती वाकड्या खिळ्यानं उकरून काढत होती. बांबूच्या फाटकाबाहेर खाकी पँट घातलेला एक धिप्पाड गडी उभा होता. त्याच्या मागं त्याची बायको, हातात कापडी पिशवी घेऊन.

"पिशवीत काय आणलाव, आक्का?"

"नारळ हाय, लिंबू हाय, हळदकुंकू हाय," मालनबाई म्हणाली. "रिकाम्या हातानं कसं यावं? आमाला तर मनले, घोडी कौल देती."

"माझ्या घराला बी कौलं न्हाईत, पत्रे हायेत. घोडी कुठून दील?"

नारळ तेवढा पंचफुलानं घेतला. नारळाला नाही म्हणायला ती काय येडी नव्हती. तिनं तो दगडावर फोडला, पाणी घोडीच्या बादलीत ओतलं आणि खोबऱ्याची एकेक फोड तिघांच्या हातावर ठेवली. लिंबू पदराला बांधलं, दुपारच्या वरणाला.

पण मालनबाईचं समाधान कुठलं व्हायला? तिनं घोडीसमोर पदर धरला. "माय, मालक पुन्हा गाडीवर बसणार असले तर मान हलीव."

घोडीनं तीनदा मान हलवली.

"कानावर माशी हाय," पंचफुला म्हणाली आणि फडक्यानं माशी हाकलली. घोडी गप उभी राहिली. "आता इचारा पुन्हा."

मालनबाईनं पुन्हा विचारलं नाही. मिळालेला कौल हातानं कोण मोडून घेतं?

हे अठ्ठ्याऐंशी सालच्या चैत्रातलं. जिंतूरच्या बाहेर, चारठाण्याच्या रस्त्याला लागून पंचफुलाबाईचं घर होतं. घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांपेक्षा मोठा घोडीचा गोठा. घोडीचं नाव शेवंती. रंगानं कुम्मैत, म्हणजे काळपट तांबडी, कपाळावर चांदणी, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे. लगीनसराईत ती नवरदेव वाहायची. बाकीच्या दिवसांत ती काय करायची हे सांगायला पंचफुलाला शब्द नव्हता. माणसं यायची, घोडीला खरारा करायची, म्हणजे लोखंडी दातऱ्यांच्या ब्रशानं तिचं अंग घासायची, आणि घरी जायची. त्यातली काही पुन्हा यायची नाहीत. त्यांचं काम झालेलं असायचं.

खाकी पँटीतला हा दत्तराव मात्र चिठ्ठी घेऊन आला होता. परभणीच्या एका डॉक्टरीणबाईनं दिलेली चिठ्ठी. वर दोन गोळ्यांची नावं, आणि खाली तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, 'घोडी, रोज सकाळी अर्धा तास, एक महिना.' दत्तरावनं ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात दिली तेव्हा दुकानदारानं चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाला, "दोन हायेत. तिसरी मागवावी लागन. कंपनी कोणती हाय?"

ह्या डॉक्टरीणबाई एका लग्नात पंचफुलाला भेटल्या होत्या. बाहेरच्या देशात असे दवाखाने असतात, घोडी ठेवलेले, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पंचफुलानं एवढंच विचारलं होतं, "तिकडं हरभऱ्याची चंदी कोण खाऊ घालतंय, सरकार?"

दत्तराव अठरा वर्षं एसटी चालवत होता. पौषात त्याची गाडी कडब्याच्या बैलगाडीला वाचवताना रस्ता सोडून शेतात गेली आणि कलंडली. चूक कुणाचीच नव्हती. बैलगाडीवाल्याची नाही, दत्तरावची नाही. चौकशीतही तसंच निघालं. मेलं कुणी नाही. एका म्हातारीचा हात मोडला. दत्तराव दवाखान्यात तिचे पाय धरायला गेला तर तीच त्याला म्हणाली, "लय चांगलं केलंस बाबा. सून आता भाकरी टाकायली."

सगळ्यांनी त्याला माफ केलं, त्याच्या हातांनी केलं नाही. पुन्हा सीटवर बसला की हात स्टेअरिंगला धरायचे आणि धरूनच राहायचे. बोटं पांढरी पडायची. गाडी चालू नसायची, डेपोत उभी असायची, तरी दोघा मेकॅनिकनी त्याची बोटं एकेक करून सोडवायची. रात्री झोपेतही मुठी वळलेल्या. वैशाख संपायच्या आत साहेब त्याची ट्रायल घेणार होते. जमलं तर गाडी. नाही जमलं तर गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, नाहीतर फलाट झाडायचा.

"अठरा वरसं स्टेरिंग धरलं," तो पंचफुलाला म्हणाला. "आता झाडू धरू का?"

"झाडूला काय झालं? मी रोज धरते. हा घ्या, हिथूनच सुरू करा."

पहिल्या दिवशी दत्तरावनं घोडीला हात लावला नाही. लीद भरली, गोठा झाडला आणि फाटकाशी उभा राहिला. शेवंतीनं त्याला एकदा नीट बघितलं आणि त्याच्याकडं पाठ केली.

"बगा," पंचफुला म्हणाली. "तुमी अजून गाडीतच हाव."

"मी तर गप उबा हाय, बाई."

"गप हाव, पर दम कोंडून धरलाव. तिला वाटायलंय, ह्या माणसानं वाघ बघितलाय, मंग मी काहून हिथं थांबू? सोडा तेवढा दम."

दत्तरावनं दम सोडला. ब्रेक सुटल्यावर गाडी करते तसा फुस्स आवाज झाला. घोडीचा एक कान मागं वळला. फक्त कान.

"झालं आजचं," पंचफुला म्हणाली. "जावा घरी."

"एवढंच?"

"मंग काय पंगत वाढू?"

पंचफुलाची रीत अशी होती. येणाऱ्याला ती आधीच सगळं सांगून टाकायची, म्हणजे मागाहून तोंड वाकडं नको. घोडी अंगावर येणार नाही, चावणार नाही; पण मागून गेलात तर लाथ घालील, ती तिची चूक नाही. पहिले दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी वाटतं, काहीतरी झालं. चौथ्या दिवशी कळतं की काही झालं नव्हतं. बोलावंसं वाटलं तर घोडीशी बोला, मला सांगू नका, मी गावभर करते. रडू आलं तर रडा, ती गाल चाटते, पण ती माया समजू नका, तिला मीठ लागतं. येताना हिरव्या चाऱ्याची एक पेंडी आणायची आणि जाताना हात धुऊन जायचं. एवढं ऐकून जो राहिला तो राहिला.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा आश्रुबा जिंतुरात तांगा चालवायचा. रिक्षा आल्या तसा तांगा बसला, आणि दोन वर्षांनी आश्रुबाही गेला, झोपेतच, कुणाला तकलीफ न देता. पण खराऱ्याची गोष्ट त्याच्या आधीची. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा, पंचफुला माहेरी होती, आणि माहेरच्या वस्तीतली अकरा घरं जळाली. तिचा भाऊ वाचला, म्हैस गेली. जिंतूरला परत आल्यावर तिला झोप येईना. भाकरी थापताना तव्याकडं बघत राहायची आणि भाकरी करपून जायची. आश्रुबा शहाणा माणूस. त्यानं तिला समजावलं नाही, देवऋषी केला नाही. तांग्याची जुनी घोडी तेव्हा गाभण होती. तो म्हणाला, "मला पहाटं उठवत न्हाई. हिचा खरारा तू करत जा."

ती करत गेली. पहिले आठ दिवस घोडी तिला टेकू देईना. मग एका पहाटे ती नुसती घोडीच्या पोटावर कान टेकून उभी राहिली, आत शिंगरू हललं, आणि घोडीनं लांबलचक श्वास सोडला. पंचफुलाचाही सुटला. त्या दिवशी तिची भाकरी करपली नाही. ते शिंगरू म्हणजे शेवंती.

"त्यात काय लय मोठं न्हाई," ती कुणी विचारलं तर म्हणायची. "जनावराला खोटं कळत न्हाई. तुमी भेलाव तर ते भेतंय. तुमी निवांत झालाव तर ते बी होतंय. आरसा हाय, फक्त लीद टाकनारा."

तिसऱ्या दिवशी दत्तरावच्या हातात खरारा आला. तो मानेपासून सुरू झाला. वर, खाली, मधी आडवा, परत वर. पंचफुला चंदीचे हरभरे पाखडत बघत होती.

"एवढे गेर टाकत कुठं निघालाव, डायवर?"

दत्तराव थांबला. त्यानं हाताकडं बघितलं. हात खरंच पहिला, दुसरा, तिसरा करत होता.

"परभनी," तो म्हणाला.

"मंग बोरीला पाच मिंटं थांबा, च्या पिऊन घेते मी."

दोघंही हसले. चार महिन्यांत नवरा हसला नव्हता असं मालनबाईनं नंतर सांगितलं. पंचफुला म्हणाली, हसला ते ठीक, पण घोडीची डावी बाजू अर्धीच केली.

मंगळवारी बन्सीधर गुरुजी यायचे. चाळीस वर्षं शाळा शिकवून रिटायर झालेले, बायको मागच्या साली वारलेली. गुरुजी शेवंतीला खरारा करता करता पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. नामांतराची बातमी असली की जरा थांबून पंचफुलाकडं बघायचे. "अजून नाही," एवढंच सांगायचे. पंचफुला म्हणायची, "मिरवनुकीपातूर घोडीला म्हातारी करून ठिवतेत वाटतं." मग गुरुजी पुढची बातमी वाचायचे.

"तुमी बरे झालाव का, गुरुजी?" दत्तरावनं एकदा विचारलं.

गुरुजींनी विचार केला. "बरा असा झालो नाही. पण मंगळवारी सकाळी उठायला कारण आहे. आधी सातही वार सारखेच होते."

दत्तरावला मात्र एक वार नको होता, पूर्ण गाडी पाहिजे होती. दहा-बारा दिवसांत शेवंती त्याला ओळखायला लागली. त्याच्या खांद्यावर जबडा टेकून डुलकी घ्यायची. त्याचे हात घोडीवर मऊ चालायचे. म्हणून तेराव्या दिवशी, कुणाला न सांगता, तो डेपोत गेला आणि उभ्या गाडीत जाऊन बसला.

हात धरले. तसेच. बोटं पांढरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो फाटक आपटून आला. खरारा घेतला आणि रागानं ओढला. शेवंतीनं अंग काढून घेतलं, त्यानं तिची मोहरकी, तोंडाची दोरी, हिसकली, आणि तिनं आपला पुढचा पाय उचलून शांतपणे त्याच्या पायावर ठेवला. तीनशे किलोची घोडी.

"तिच्यावर काहून काढायलाव?" पंचफुलानं घोडीला बाजूला केलं.

"घोडी मंजी काय एसटी न्हवं, बाई. हितं हात सुटले, तितं सुटत न्हाईत. दहा दिवसांनी ट्रायल हाय. लीद भरून गाडी येती का कुठं?"

"न्हाई येत. लीद भरून गोठा साफ होतो."

"मंग मी काहून भरू?"

"नका भरू."

तो लंगडत गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पंचफुलानं कुणाला पाठवलं नाही. मालनबाई रस्त्यात भेटली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आक्का, तुमीच सांगा की तेनला." पंचफुला म्हणाली, "रुसलेला जावाई हाय का तो माझा?" पण त्या रात्री हरभरे भिजवताना ती माप मोजताना दोनदा चुकली, हे खरं.

आणि मग तिला खरोखरच माणसाची गरज पडली.

भगवानरावच्या पोराचं लग्न निघालं होतं. भगवानराव पाटबंधारे खात्यात चौकीदार, पोरगा जिल्हा परिषदेत कारकून. नवरीचं गाव चारठाण्याच्या रस्त्यावरून अर्धा मैल आत. त्या गावात बौद्धवाड्यातली वरात आजवर पायी गेलेली. ह्या खेपेला भगवानराव म्हणाला, घोडी पाहिजे. पंचफुलानं तारीख लिहून घेतली, बाकी काही विचारलं नाही. वरातीत घोडीला दोन्ही बाजूंनी दोरी धरावी लागते. डावीकडून ती स्वतः, उजवीकडून तिचा दीर. आणि आदल्या दिवशी दीर तापानं फणफणला.

ती दत्तरावच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उद्या वरात हाय. उजव्या अंगाला माणूस पायजे. शेवंती नवख्याला धरू देत न्हाई, तुमाला वळखती."

दत्तराव बाजेवर पडला होता. तो उठून बसला. त्याच्या मनात काय चाललंय हे पंचफुलाला कळत होतं. त्या गावात त्याची सोयरीक होती.

"भावकीतले काय मनतीन?" तो शेवटी म्हणाला.

"डाक्टरनं लिवून दिलंय मनावं. चिठ्ठी हाय नव्हं?"

आतून मालनबाई खुदकन हसली. दत्तरावनं बाजेखालची चप्पल पायानं ओढली. "किती वाजता?"

सकाळी साडेनऊला वरात मोठ्या रस्त्यावरच्या पाटीपासून, म्हणजे फाट्यावरून, निघाली. पुढं जिंतूरचा बँड, मग निळे फेटे बांधलेली पोरं, मग शेवंती, अंगावर लाल झूल, गळ्यात घुंगरू. वर नवरदेव, कोट घातलेला, उन्हानं आणि भीतीनं भिजलेला. त्यानं पंचफुलाला तिसऱ्यांदा विचारलं, "मावशी, पडणार तर न्हाई?"

"आजवर एकच पडला, अन् तो उतरताना."

डावीकडं पंचफुला, उजवीकडं दत्तराव. सडक भरावाची, गाडीपुरती रुंद, दोन्ही बाजूंना पुरुषभर खोल चारी आणि खाली नांगरलेली ढेकळं. अर्ध्या वाटेत बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं, पोरं नाचायला लागली, आणि समोरून धुरळा उडवत एसटी आली. गावातून जिंतूरच्या बाजाराला निघालेली, दारापर्यंत भरलेली.

गाडी वीस पावलांवर थांबली. वरातही थांबली. बँड एकेक वाद्यानं गप्प झाला. शेवटी ढोलवाल्याला कळलं.

ड्रायव्हर होता भुजंग, आठ दिवसांपूर्वी लागलेला बदली गडी, मिशी पण नीट न आलेला. त्यानं हॉर्न मारला. मग पुन्हा मारला, लांबलचक.

शेवंतीनं डोकं वर झटकलं. पुढचे दोन पाय जमिनीवर नाचायला लागले. नवरदेवानं डोळे मिटून झूल धरली. उजव्या अंगाची दोरी ताणली गेली, आणि दोरी ताणली तशी घोडी अजून वर चढायला लागली.

"हात," पंचफुला म्हणाली. "डायवर, हात बगा तुमचा."

दत्तरावनं बघितलं. दोरीवर त्याची बोटं पांढरी पडली होती. त्यानं दम सोडला. मग बोटं सोडली, एक, दोन, तीन, चार. दोरी वीतभर सैल झाली. शेवंतीनं मान खाली घेतली, नाकातून भर्रर केलं आणि उभी राहिली. नवरदेवानं एक डोळा उघडला.

आता गाडीतून आवाज यायला लागले. "बाजूला घ्या की वरात." "खाली उतरवा घोडी." एकजण खिडकीतून म्हणाला, "पायी गेले असते तर एवढी फजिती झाली नसती."

निळ्या फेट्यांतली चार पोरं पुढं सरकली. भगवानरावनं हात आडवा केला. तो गाडीजवळ गेला आणि कंडक्टरला शांतपणे म्हणाला, "दादा, शकुन-अपशकुन आमी मानत न्हाव. पर आज मागं सरायचं न्हाई."

कंडक्टर म्हणाला, "माझं काय म्हणणं न्हाई हो. पर बाजार गाठायचाय लोकांना."

दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि बघणं जरा जास्तच लांबलं. अशा बघण्यातून काय होतं हे पंचफुलाला ठाऊक होतं. ती पुढं आली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हितं मानापमानाचा सवालच न्हाई. माझ्या घोडीला मागं सरायचं शिकवलेलंच न्हाई. माझ्या मालकाचा शिरस्ता व्हता तसा. तांग्याचं घोडं मागं सरायला शिकलं तर सवारी बाजारऐवजी घरी नेतंय, मनायचा. आन् चारीत उतरवली तर नवरदेव ढेकळात जाईल. मागं सरायचं यंत्र कुनाला दिलंय सरकारनं? एसटीला. मंग एसटीनं सरावं."

गाडीतली एक म्हातारी हसली. "खरं हाय बाई तिचं," ती म्हणाली, आणि ज्यानं पायीचं बोललं होतं त्याला कोपर मारलं. कंडक्टरला तर सुटल्यासारखं झालं. घोडीपुढं माघार घेण्यात कुणाचं काय जात नव्हतं. तो मागच्या दारानं उतरला आणि पत्र्यावर थापा मारत ओरडला, "येऊ दे, येऊ दे."

भुजंगनं गाडी मागं घेतली. पाच-सहा हात गेली, आणि मागचं चाक भरावाच्या कडेला आलं. माती ढासळली. आत बायका ओरडल्या. भुजंगनं ब्रेक मारला, पुढं घेतली, पुन्हा मागं, पुन्हा चाक कडेला. लोक भराभर खाली उतरले. भुजंगनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तोंड चुन्यासारखं.

दत्तराव ते तोंड बघत होता. पंचफुला दत्तरावला बघत होती. हे सांगून होणारं काम नव्हतं.

दत्तरावनं दोरी भगवानरावच्या हातात दिली. "धरा. सैल धरा, पाव्हनं. वढू नका."

तो केबिनशी गेला, दार उघडलं. "उतर रं भुजंग. तिकडून ये, माझ्या बाजूला बस."

मग तो आत चढला. पंचफुलाला खालून त्याचा फक्त खांदा आणि खिडकीवरचं कोपर दिसत होतं. गाडी थरथरत उभी होती. काही झालं नाही. अजून काही झालं नाही. नवऱ्यासोबत आलेली मालनबाई वरातीच्या मागं इतर बायकांत उभी होती, तिनं तोंडात पदर कोंबला. बँडवाल्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी बिड्या पेटवल्या.

पंचफुला खांद्याकडं बघत होती. खांदा कानापर्यंत चढलेला. 'सोड,' ती मनात म्हणाली, घोडीला म्हणावं तसं. 'सोड की.'

खांदा खाली आला.

गाडी हलली. मागं, सरळ, सावकाश. चाकं चाकोरीतून गेली, ना इकडं ना तिकडं. कंडक्टर थापा मारत मागं चालत होता, पण थापांची काही गरज नव्हती. चारशे पावलं गाडी तशीच गेली, शाळेपुढच्या मोकळ्या जागेपर्यंत, आणि तिथं वळून कडेला उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "हा मागं नेतोय त्येवढी सरळ आमची पुढं बी येत न्हाई."

बँड पुन्हा सुरू झाला. वरात शाळेपुढून गेली. गाडीतून उतरलेली माणसं आता मागून चालत होती, त्यातली दोन पोरं तर नाचायला पण लागली. पायीचं बोललेल्या माणसानं नवरदेवाला हात वर करून नमस्कार केला, नवरदेवानं झूल न सोडता मान हलवली. पंचफुला शेवंतीला घेऊन केबिनजवळून गेली तेव्हा तिनं वर बघितलं. दत्तराव सीटवरच होता. त्याची बोटं स्टेअरिंगवर होती, आणि ती बँडच्या तालावर ताशा वाजवत होती. त्याला ते कळलं नव्हतं. शेजारी भुजंग त्या बोटांकडं बघत बसला होता.

"डायवर," पंचफुला म्हणाली, "दोरी धरायला येनार हाव का हितंच बसनार?"

"बाजार हाय बाई लोकांचा," दत्तराव म्हणाला. "ह्या पोराला फाट्यापर्यंत पोचवतो अन् येतो."

तो आला, तोवर लग्न लागून पंगत बसली होती. भगवानरावनं त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. दत्तराव दोन वेळा बुंदी मागून घेऊन जेवला. समोरून जाणारा त्याचा सोयरा थबकला, तर दत्तराव म्हणाला, "बसा, पाव्हनं. चिठ्ठी दाखवू का?" सोयऱ्याला काही उमगलं नाही, पण तो बसला.

ट्रायल झाली. साहेबांनी त्याला पुढं नेऊन बघितलं, मागं नेऊन बघितलं, आणि चारठाणा मुक्कामाची ड्यूटी लावली. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी दत्तराव बिल्ला लावून पंचफुलाच्या फाटकाशी आला. हातात हिरव्या मक्याची मोठी पेंडी.

"कवाकवा अजून धरतेत हात," तो म्हणाला. "काल घाटात धरले. मंग थांबवली गाडी, उतरलो, दम घेतला. पाशिंजरं मनले, काय झालं? मनलं, इंजन तापलं."

"तापतंच की."

"घरी बैलाला खरारा करायलोय रोज."

"बैल चमकायलाय आक्का," मागून मालनबाई म्हणाली. "मी हाय तशीच हाय."

दत्तरावच्या बसची वेळ झाली होती. तो शेवंतीच्या मानेवर हात ठेवून जरा उभा राहिला आणि गेला. फाटकाबाहेर एक नवी बाई बसलेली होती, सोबत आलेल्या दिराशी न बोलता, जमिनीकडं बघत. पंचफुलानं तिला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मक्याची पेंडी सोडून शेवंतीपुढं टाकली. मग टोपली घेतली आणि लीद भरायला बसली.